निळं उगवेपर्यंत

अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्याच्या आदल्या दिवशी मी आमच्या अंगणातलं निळ्या फुलांचं झाड बुडापासून छाटून टाकलं.

झाडाला कीड लागली नव्हती. ते वाळलंही नव्हतं. चांगलं भिंतीच्या उंचीचं, अंगभर फुललेलं झाड होतं, आणि त्याची फुलं बरोबर दोन दिवसांनी लागणार होती. पूजेला नव्हे, पुराव्याला. तो पुरावा मी स्वतःच्या हातानं कापला, गोणीत भरला आणि घंटागाडीत टाकून आलो. घंटागाडीवाला म्हणालाही, "काका, चांगली फुलं हायत की." मी त्याच्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणालो, "तुला नाही कळायचं. ही खरड छाटणी आहे."

यंदा पुन्हा फाल्गुन आलाय. पहाटे अजून पांघरूण लागतं आणि अकरा वाजले की कंपाउंडच्या भिंतीला हात लावता येत नाही. कडब्यानं लादलेले ट्रॅक्टर रस्त्यानं डुलत जातात, त्यांच्यामागे वाळल्या ताटांचा गोडसर वास बराच वेळ रेंगाळतो. कडुनिंबानं पानं टाकायला सुरुवात केलीय. आणि होळीच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातली झाडं कापायची कात्री दिसेनाशी झालीय. मी विचारत नाही, सुमन सांगत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की नवऱ्याच्या हातात काय द्यावं आणि काय देऊ नये, हे बायकोला पंचांग न बघता कळतं.

आमचं घर जुळे सोलापुरात. पुढे अंगण म्हणावं तर अंगण, स्कूटर लावायची जागा म्हणावं तर ती. त्याच्या कडेनं, भिंतीलगत, दीड हात रुंदीचा एक लांबट वाफा. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत त्या वाफ्यावर ऊन. सोलापूरचं ऊन, म्हणजे पाहुण्यासारखं येऊन जाणारं नव्हे. जावयासारखं ठाण मांडून बसणारं. सुमननं तिथे आधी गुलाब लावले, ते गेले. शेवंती लावली, तीही गेली. जास्वंद जगली, पण सासरी नांदायची इच्छा नसल्यासारखी. शेवटी नर्सरीवाल्यानं एक रोप हातात दिलं. "ताई, हे ऊन खाऊनच वाढतं. पाणी बेतानं घाला आणि विसरून जा. वर्षानुवर्षं राहील." नाव त्यानं सांगितलं प्लंबॅगो.

विसरून जाण्याच्या बाबतीत मी तरबेज होतो, त्यामुळे झाड फोफावलं. वर्षभरात भिंतीवरून खाली वाकलं आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस आले. पाच पाकळ्यांची नाजूक फुलं. प्रत्येक पाकळीच्या मधोमध केसाएवढी गडद रेघ. रंग कसा? तर आंतर्देशीय पत्राचा. ज्यांनी ती पत्रं कडा भिजवून, फाटणार नाहीत अशा बेतानं उघडलीत, त्यांना तो निळा वेगळा सांगायला नको. फिकट, थोडा थकलेला, पण आत कुणाची तरी खुशाली असलेला निळा.

आता माझी लायकी सांगतो. मी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकून होतो. उजनीचं पाणी कुठल्या फाट्याला कधी सोडायचं, याच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या. घरच्या दीड हात वाफ्याला पाणी किती घालायचं, हे मात्र मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही आणि नंतर तर विचारायचीच लाज वाटू लागली. जन्मानं मी शेतकऱ्याचा मुलगा. मोहोळ तालुक्यातलं आमचं गाव. पण लहानपणी मला खुरपायला बसवलं की मी तण ठेवून कांद्याची रोपं उपटायचो, म्हणून वडिलांनी मला शाळेत घातलं. माझ्या शिक्षणाचं खरं कारण एवढंच.

त्या काळात माझ्या मागं फिरायचं काम अक्काकडे होतं. अक्का माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आई रानात, मी अक्काच्या कडेवर. तिची नजर म्हणजे गावात बोलायचा विषय होता. माळावर उभी राहून लांबच्या धुरळ्याकडे बघायची आणि सांगायची, "ही बार्शीची एस्टी हाय, पंढरपूरची न्हाय." कशावरून, हे कुणाला कळायचं नाही; पण गाडी यायची ती बार्शीचीच. माझ्या तळपायात बाभळीचा काटा मोडला की मी बोंबलत तिच्याकडे जायचो. ती दिवेलागणीच्या उजेडात, पाय मांडीवर घेऊन, सेफ्टी पिनेनं काटा असा उचलायची की रडणं सुरू राहायचं आणि काटा केव्हाच निघालेला असायचा. मग एक टपली. "बास की आता. कशाला वरडतूस? काडला कवाच."

अक्का लग्न करून शेजारच्याच गावी गेली. भाऊजी गेल्यापासून एकटी राहते. मुलगी पुण्याला बोलावते, मी सोलापूरला बोलावतो. अक्का दोघांनाही "येती की" म्हणते आणि घरीच राहते. दिवाळीला आली तरी दोन रात्री. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून ओट्यावर. "कोंबड्या वाट बगत असतील."

अशाच एका दिवाळीला ती त्या वाफ्यापुढे उभी राहिली आणि सुमनला म्हणाली, "हे चितरक कशाला गं लावलंस? आमच्या बांधाला पडीक हाय."

चितरक म्हणजे चित्रक. आमच्याकडे बांधाच्या कडेला, बाभळीच्या सावलीत आपोआप उगवतो. पान तसंच, फांदी तशीच, फुलाखालचा चिकट हिरवा कोषही तसाच. फरक एकच, त्याची फुलं पांढरी.

"अक्का, हे ते नव्हे," मी म्हणालो. "याची फुलं निळी आहेत."

"पांढरी हायत."

"निळी."

"जरा मळकी म्हन. पर पांढरीच."

"अगं, आकाशी म्हणतात याला, आकाशी!"

"मला शिकवू नगंस. चितरक वळकून हाय मी. तुला तवा चड्डी बी नव्हती."

इथे माझी खरी घोडचूक झाली. छाटणी तर नंतरची. मला वाटलं, अक्का हट्टाला पेटलीय. तिचा हट्ट मला ठाऊक होता आणि लोकांना गमती सांगायची माझी खोडही जुनी. मग वर्षभर मी तो किस्सा केला. अक्का घरी असताना कुणी आलं की मी तिला अंगणात न्यायचो, फुलं दाखवायचो, "रंग सांग" म्हणायचो. ती "पांढरा" म्हणायची. पाहुणे हसायचे. मी सगळ्यात जास्त हसायचो. अक्काही हसायची, म्हणजे तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं नाही तर हसल्यासारखंच वाटायचं.

नीट पाहिलं ते सुमननं. एक दिवस पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "तुम्हाला हसू येतं. अक्का तांदूळ बोटांनी निवडतात. डोळ्यांनी नाही. कधी बघितलंत?"

मी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बघितलं. ताटात तांदूळ पसरलेले होते, अक्काची मान समोर होती आणि बोटं दाणा न् दाणा चाचपत होती. खडा लागला की थबकत होती. माळावरून एस्टी ओळखणारी ती नजर, वीतभर अंतरावरच्या ताटात नव्हती. त्या दिवशीचा भात मला गेला नाही, हे मी सुमनला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. पातेल्यातच कळलं असणार.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बराच जुना. पिवळट काचेतून बघावं तसं यांना दिसत असणार. अशा डोळ्यांना फिकट निळा फिकट निळा दिसतच नाही. मळका पांढरा दिसतो. एक डोळा लगेच करू, दुसरा महिन्याभरानं. दुसराही पिकत आलाय, पावसाळ्यावर ढकलू नका.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर अट घातली. "एक डोळा करतीया. पट्टी सुटली की मला त्या फुलापुढं उबी करा. निळं दिसलं तर दुसरा. न्हाय दिसलं तर तुमी समदे खोटारडे, आन् मी आपली गावाला."

एवढी सोपी परीक्षा. पेपर फुटलेला, उत्तर माहीत असलेलं. मला फक्त काही न करता बसायचं होतं, आणि तेच मला जमत नाही.

मला वाटलं, अक्का पहिल्यांदा निळं बघणार, तर ते कसं, डोळे दिपतील असं पाहिजे. ऑफिसातला माझा एक जुना सोबती बार्शीकडचा. निवृत्तीनंतर त्यानं द्राक्षबाग धरलीय. त्याला फोन केला. म्हटलं, झाड चांगलं घसघशीत फुलायला काय करावं? तो गड्यांवर ओरडता ओरडता म्हणाला, "खरडून छाट. एकेक डोळा राख, बाकी सगळं उडव. बघ कशी फूट येते!" घसघशीत फूट हे मला आवडलं. किती दिवसांत, हे विचारायचं राहून गेलं. कशाला, हे त्यालाही विचारायचं राहिलं होतं. नंतर मी सगळं सांगितल्यावर तो फोनवरच ओरडला, "अरे, मी द्राक्षाचं सांगत होतो!"

तर पट्टी सुटली. अक्का रिक्षातून उतरली ती डोळ्यांवर काळा गॉगल लावून. चप्पलही न काढता थेट वाफ्यापुढे गेली. तिथे जमिनीतून वर आलेले सहा खुंट होते, गाडी चुकेल म्हणून माणसानं दाढी अर्धी टाकून जावं तसे.

"फूल कुटं हाय?"

मी खाकरलो. "छाटलंय जरा."

"कुनी?"

सुमननं माझ्याकडे पाहिलं. अक्कानंही पाहिलं. गॉगलमधून माणूस नेमका कसा बघतो हे समजत नाही, हीच त्या क्षणाची कृपा.

"येतील की," मी म्हणालो. "आठ-दहा दिवसांत."

"मंग येऊ देत," अक्का म्हणाली. "मी हाय हितंच. फूल बगितल्याबिगर दुसऱ्या डोळ्याचं नाव काडायचं न्हाय."

अशा रीतीनं, दोन रात्रींच्या वर कधी न राहिलेली माझी बहीण माझ्याकडे अख्खा उन्हाळा राहिली. त्या उन्हाळ्याचं श्रेय मला द्यायला घरात कुणी तयार नाही.

मला तो उन्हाळा आठवतो तो खुर्चीवरून. अक्काला वाकायची बंदी, चुलीपुढे बसायची बंदी, डोक्यावरून पाणी घ्यायची बंदी. पण तोंडाला बंदी नव्हती. सकाळी ती ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत गॉगल लावून बसायची, आणि मी खाली वाफ्यात गुडघ्यावर. "माती हालीव. आरं, मुळं नगं हालवूस, माती हालीव म्हनलं. खुरपं हाय का चमचा? जरा जोर लाव. सरकारी काम समजतुयास व्हय?" रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. काळा गॉगल, नऊवारी, पायावर पाय. आमच्या कॉलनीला वाटायचं, कुणी तरी मोठी बाई जमिनीची पाहणी करायला आलीय.

पाण्यावरून रोज भांडण. नळाला पाणी यायचा दिवस असला की मला दातृत्वाचं भरतं यायचं. मी बादली उचलली की वरून आवाज. "ठेव खाली. काल घातलंस की. उनातलं झाड हाय ते, म्हस न्हाय." एकदा नव्या पानांच्या पाठीवर मला बारीक पांढरे कण दिसले. मी घाबरलो, रोग पडला म्हणून साबणाचं पाणी करून फवारलं. अक्कानं पान मागून घेतलं, नव्या डोळ्याजवळ धरलं, नखानं खरवडलं. "मीट हाय ह्ये. झाडाला बी घाम येतोय. तुज्यासारकं बसून ऱ्हात न्हाय त्ये." नर्सरीवाल्याला विचारलं, तर तोही म्हणाला की या झाडाच्या पानाखाली असं होतंच, धुऊ नका. एका डोळ्याची बाई आणि दोन डोळ्यांचा मी, अशी ती स्पर्धा होती आणि निकाल रोज लागायचा.

तिच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायचं काम माझ्याकडे. दिवसातून चार वेळा. ती खिडक्या लावून घ्यायला सांगायची, मगच गॉगल काढून मान मागे टाकायची, मी बाटली धरायचो, आणि पहिला थेंब हमखास नाकावर पडायचा. दुसरा कानाकडे. "डोळा कुटं हाय ठावं हाय न्हवं?" तिसरा बरोबर. मग ती डोळा मिटून तशीच पडून राहायची, आणि मी तिच्या कपाळाकडे बघत बसायचो. लहानपणी माझा पाय तिच्या मांडीवर असायचा, ते कपाळ तेव्हा माझ्यावर वाकलेलं असायचं. आता ते माझ्या हाताखाली होतं आणि त्यावर इतक्या रेघा होत्या की त्या कधी पडल्या याचा हिशेब मला लागेना. आपण दूर राहतो तेव्हा माणसं एकदम म्हातारी होतात; जवळ राहिलं की हळूहळू, आपल्या परवानगीनं होतात.

चैत्रात कडुनिंब मोहरला. संध्याकाळी वारा सुटला की तो कडूगोड वास अंगणात उतरायचा आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांच्या आंबूस वासात मिसळायचा. तव्यावर कडक भाकरी फुगत असायची. सुमन आणि अक्का शेंगा फोडत बसायच्या. अक्का कवच बोटानं दाबून सांगायची, ही पोकळ, ही भरली. खुंटांना फूट आली होती. आधी तांबूस टोकं, मग हिरवी पानं, मग हातभर फांद्या. फुलाचं नाव नाही. मी रोज सकाळी उठून आधी वाफ्याकडे जायचो. दहावीच्या निकालाला इतक्यांदा बोर्डापाशी गेलो नव्हतो.

चैत्र संपता संपता ऊन असं तापलं की मला त्या कोवळ्या फांद्यांची दया आली. घरातली एक सोलापुरी चादर आणली आणि चार काठ्या रोवून झाडावर मांडव केला. छान सावली पडली. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

"काड ती चादर!"

अक्का इतक्या मोठ्यानं ओरडली की सुमन स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं, उन्हातल्या झाडाला सावली केली म्हणून चिडली. म्हटलं, "काढतो, काढतो. एवढं काय?" चादर घडी घालून तिच्याजवळ नेली, तर तिनं तोंड फिरवलं. गॉगलच्या खालून गालावर ओघळ आला होता. डोळ्याला पाणी येतंय म्हणून मी थेंबांची बाटली आणायला पळालो. हुशारीची ही माझी पातळी. परत आलो तेव्हा सुमन तिच्या पायाशी बसली होती आणि अक्का बोलत होती.

"सोनीशी मी बोलत न्हाय. दोन वर्सं झाली."

सोनी म्हणजे सोनाबाई. अक्काची शेजारीण. दोघी एकाच साली त्या गावात सुना म्हणून आल्या, एकाच पातीला खुरपायला बसल्या, एकमेकींच्या बाळंतपणाला धावल्या. मला त्या दोघी वेगळ्या आठवतच नाहीत; एकीला हाक मारली की दुसरी 'ओ' द्यायची.

"तू मला चादर दिलीस न्हवं, निळी? तुजी नोकरी संपली तवा?"

दिली होती. फिकट निळी, पांढऱ्या नक्षीची.

"ती धुवून वाळत टाकली. माजी निळी, तिची पांढरी, एकाच दोरीवर. सांजंला काडाय गेले, तर माजी निळी न्हायच. पांढरीच दोन. म्हनलं, सोनीनं बदलली." अक्का थांबली. "चार बायांत चोर म्हनले मी तिला."

"मग?"

"काय बोलली न्हाय ती. घरात गेली, आपली चादर घडी घालून आनली आन् माज्या उंबऱ्यावर ठेवली. म्हनली, ही घे, हीच तुजी असंल. तवापास्नं बोलत न्हाय." बोटांनी ती पदराचं टोक गुंडाळत होती, उलगडत होती. "ती बी मला पांढरीच दिसली रं."

 भिंतीवरून चिमण्या उडाल्या.

"आता हे फूल निळं निगालं, तर माजी चादर माज्याच घरात हाय. पेटीत. दोन वर्सं. आन् मी सोनीला..." तिनं वाक्य सोडून दिलं. "घरी जाऊन पेटी उगडायची छाती हुईना. म्हनलं, आदी फुलाला इचारू."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पट्टी सुटल्यापासून अक्का गॉगल का काढत नव्हती ते. डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितला होता. तिचे दोन महिने होत आले होते. थेंबांपुरता बंद खोलीत आणि झोपायला अंधार झाल्यावर काढायची, पहाटे उजाडायच्या आत लावायची. घराबाहेर एवढं आभाळ पसरलेलं, मोरीत निळी बादली, सुमनच्या अंगावर निळी साडी. नव्या डोळ्याला कधीच सगळं कळलं असतं. तिला कळून घ्यायचं नव्हतं. आणि मी वर्षभर त्याच गोष्टीवर पाहुण्यांना हसवत होतो, तिचा रंग विचारत होतो. प्रत्येक वेळी ती "पांढरा" म्हणत होती तेव्हा ती माझ्याशी नव्हे, सोनाबाईशी भांडत होती.

त्यानंतर दोन दिवस मी एकही विनोद केला नाही. तिसऱ्या दिवशी सुमननं कपाळाला हात लावून ताप बघितला.

पण वाट बघणं आता बदललं होतं. फूल यावं असं वाटायचं आणि येऊ नये असंही. येऊ नये म्हणावं, तर दुसरा डोळा थांबत नव्हता. एका डोळ्यानं तिला उंबऱ्याची उंची कळेना. चहा कपाच्या शेजारी ओतायची. एकदा ओट्याच्या पायरीचा अंदाज चुकला आणि ती खाली आली. हाताला खरचटलं, हाड वाचलं. उठवायला गेलो तर म्हणाली, "काय न्हाय, पायरी सरकली." मी पायरीकडे बघितलं. मीही म्हणालो, "हो, सरकते ती." गावी तिच्या घरापुढे विहीर आहे. ती विहीर मला झोपेत दिसू लागली.

वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात सुमननं पहिल्यांदा पाहिलं. फांदीच्या टोकाला हिरवे, केसाळ, चिकट कोष. दोन दिवसांत त्यांच्या तोंडाशी काही तरी वळलेलं, छत्रीसारखं मिटलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता छत्र्या उघडल्या. एकाच घोसात नऊ फुलं. इवलीशी दोन फुलपाखरं आधीच येऊन बसली होती. मला झाड वाढवता येत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

अक्काला आम्ही हाताला धरून आणलं. तिनं निरखून पाहिलं.

"काळी हायत की."

"अक्का," सुमन हळूच म्हणाली, "गॉगल."

 अक्कानं दोन्ही हातांनी, घागर उतरवावी तसा, गॉगल उतरवला. ऊन अंगावर आलं म्हणून डोळे मिटले, उघडले. नवा डोळा झाकला, फुलांकडे पाहिलं. मग जुना झाकला. पुन्हा नवा. असं चार-पाच वेळा.  माझी फुशारकी, माझे किस्से, माझी छाटणी, कशाचंच काही उरलं नव्हतं. एक म्हातारी बाई, तिचा तळहात आणि नऊ फुलं.

"ह्या डोळ्याला पांढरं," ती स्वतःशीच म्हणाली. "आन् ह्या डोळ्याला... आभाळावानी."

तिनं वर पाहिलं, खरंच आभाळ तसं आहे का ते. मग फुलाला बोट लावलं. कोष चिकटला, फूल बोटाबरोबर आलं. ती ते बोटावर घेऊन तशीच ओट्यावर बसली.

"सोनीला फोन लाव."

मी लावला. तिला फोन कानाला धरायची सवय नाही. ती आरशासारखा समोर धरते, म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडून आवाज आला, "कोन?"

"मी."

"मी म्हंजी कोन?"

"तुला ठावं हाय कोन ते."

 पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. अक्का एका दमात म्हणाली, "चादर माजीच हुती. डोळं गेलतं माजं. तू न्हाय, मीच..."

"ठावं हुतं मला," सोनाबाई म्हणाली.

"तवा का बोलली न्हाईस?"

"तू ऐकत हुतीस व्हय?"

अक्कानं फोन दुसऱ्या हातात घेतला.  पलीकडून सोनाबाईच बोलली, आवाज जरा ओला होता, पण रागाचा सूर तिनं सोडला नाही. "तुज्या कोंबड्या दोन म्हयनं माज्या दारात खात्यात. लौकर ये. आन् डोळं नीट करून ये. पुन्हा कायतरी हरवलं म्हनून माज्या बोकांडी बसशील."

फोन ठेवल्यावर अक्कानं पदरानं तोंड पुसलं. बोटावरचं फूल सुमनच्या कानाच्या पाळीला चिकटवलं. ते डूल लावल्यासारखं तिथेच बसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दुसरा डोळा ह्या हप्त्यात करून टाकू. सोनीच्या म्होरं दोनी डोळ्यांनी जायाचं."

मी तिच्यापुढे उन्हात उभा होतो.  दोन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे गॉगलशिवाय, भर उजेडात बघत होती, आणि बघतच राहिली. मला वाटलं, आता ही काही तरी बोलणार. लहानपणचं, आईचं, काही तरी जपून ठेवावं असं. ती उठली, माझ्या जवळ आली, हात वर करून माझ्या कपाळावरची बट चिमटीत धरली, आणि नव्या डोळ्याजवळ ओढली.

"फूल निळं हाय, ते तुजं खरं," अक्का म्हणाली. "पर ही केसं बी निळीच हायत की रं तुजी! काय फासतूस ह्यांला? म्हातारा झालायस, म्हातारा दिस की."